शंकेची सीमा आणि कोलॅजेनचा डबा

गेल्या काही महिन्यांत जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांतून एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत माझ्यापर्यंत येत आहे. कोणी जुम्याच्या नमाजनंतर दारापाशी थांबून विचारतो, कोणी पत्नीच्या वतीने निरोप पाठवतो. त्वचा टवटवीत ठेवणारी आणि गुडघ्यांना बळ देणारी म्हणून जी कोलॅजेनची भुकटी विकली जाते, ती हलाल आहे काय? प्रश्न रास्त आहे. मात्र विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांना फक्त "होय" किंवा "नाही" एवढेच हवे असते, आणि माझी अडचण तेथेच सुरू होते. पवित्र कुरआनने सूरह अल-बकराच्या १६८व्या आयतीत अन्नासंबंधी "हलाल" या शब्दाला "तय्यिब" हा शब्द जोडला आहे. तय्यिब म्हणजे निर्मळ, हितकर. आपण पहिल्या शब्दाविषयी जागरूक असतो आणि दुसरा विसरतो.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. कोलॅजेन हे प्रथिन आहे. त्वचा, हाडे, कूर्चा आणि स्नायुबंध यांना ते बांधून धरते. आपल्या शरीरातील एकूण प्रथिनांपैकी सुमारे एक तृतीयांश वाटा त्याचाच असतो. हिवाळ्यात रात्री पाये शिजवून ठेवले की सकाळी पातेल्यातला रस्सा थिजलेला आढळतो. ते थिजणे म्हणजे कातडी व हाडांतील कोलॅजेनचे उष्णतेने झालेले जिलेटिन. कारखान्यात याच जिलेटिनचे विकरांच्या साहाय्याने आणखी बारीक तुकडे करतात, म्हणजे ते थंड पाण्यातही विरघळते. त्या तुकड्यांना पेप्टाइड म्हणतात, आणि डब्यात असते ते हेच. कच्चा माल गोवंशाची वा म्हशीची कातडी व हाडे, डुकराची कातडी, कोंबडीची कूर्चा किंवा माशांची कातडी व खवले यांपैकी काहीही असू शकतो. वनस्पतींमध्ये कोलॅजेन नसते. म्हणून हिरवा ठिपका असलेल्या डब्यावर ठळक अक्षरांत "कोलॅजेन" लिहिलेले दिसले, तर मागची बारीक अक्षरे वाचावीत. आत बहुधा क जीवनसत्त्व, काही अमिनो आम्ले आणि बायोटिन असते, कोलॅजेन नसते.

आता धर्मशास्त्राचा भाग. डुक्कर आणि मृत जनावर निषिद्ध आहे, याविषयी सूरह अल-माइदाची तिसरी आयत स्पष्ट आहे. वाद आहे तो रूपांतराचा, ज्याला फिकहमध्ये "इस्तिहाला" म्हणतात. गाढव मिठाच्या खाणीत पडले आणि कालांतराने त्याचे मीठ झाले, तर ते मीठ पाक की नापाक? इमाम अबू हनीफा (रह.) आणि इमाम मुहम्मद (रह.) यांच्या मते पाक, कारण गाढव उरलेच नाही, इमाम अबू यूसुफ (रह.) यांचे मत वेगळे आहे. आपण खानदेशातील बहुतेक लोक हनफी. कोकणातील आपले शाफई बांधव या बाबतीत अधिक कठोर आहेत. त्यांच्याकडे रूपांतराने शुद्धी होण्याची उदाहरणे मोजकीच मानली जातात, जसे आपोआप सिरका झालेली दारू. आधुनिक काळात हा वाद जिलेटिनवर आला. १९८६ साली अम्मान येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीच्या अधिवेशनाने डुकराचे जिलेटिन अन्नात वापरणे मुस्लिमांना वैध नाही असे ठरवले. १९९५ साली कुवेत येथील वैद्यकीय-फिकही परिषदेने मात्र जिलेटिनला पूर्ण रूपांतरित पदार्थ मानून सवलत दिली. दोन्हीकडे विद्वान होते, दोन्हीकडे ईशभय होते.

माझा कल पहिल्या मताकडे आहे, आणि त्याचे कारण आपल्याच मातीत सापडते. कापूस पिंजला, त्याचे सूत काढले, ते यंत्रमागावर विणले, तरी धुळ्यातला कोणताही विणकर त्याला कापूसच म्हणेल. तोच कापूस जळून राख झाला, तर मात्र कापूस संपला. पेप्टाइड म्हणजे तुकडे केलेले सूत आहे, राख नव्हे. प्रथिनाची साखळी तुटली, पण कड्या त्याच राहिल्या, इतक्या की प्रयोगशाळेत ते डुकराचे की गोवंशाचे हे आजही ओळखता येते. खाणीतल्या मिठात गाढव कोणाला शोधता येईल? हाडांच्या बाबतीत, डुक्कर वगळता, हनफी ग्रंथांत काही सवलत आहे आणि तिच्या आधारे काही मुफ्ती हाडांच्या जिलेटिनबाबत नरमाई दाखवतात. त्यांना मी दोष देत नाही. पण सवलत शोधण्यामागे गरज असावी लागते. उपासमारीने जीव जात असलेल्याला जी मुभा आहे, ती डोळ्यांखालच्या सुरकुतीला लावणे मला पटत नाही.

मग प्रत्येक डब्याची, प्रत्येक गोळीची चौकशी करत फिरायचे काय? येथे दुसऱ्या टोकाची भीती आहे, आणि काही तरुण त्या टोकाला पोहोचलेलेही मी पाहतो. हजरत उमर (रजि.) एका काफिल्यासह पाणवठ्यावर आले असता, सोबतच्या हजरत अम्र बिन आस (रजि.) यांनी तेथील मालकाला विचारले की, येथे हिंस्र पशू पाणी प्यायला येतात काय? हजरत उमर (रजि.) यांनी त्या माणसाला उत्तर देऊ नकोस असे बजावले. "मुवत्ता"मधील ही घटना मला फार मोलाची वाटते. पाणी मुळात पाक असते. शंकेला आधार नसताना ती उकरून काढणे हे धर्माचे काम नव्हे. परंतु मांस आणि मांसजन्य पदार्थांचा मूळ नियम वेगळा आहे. तेथे जबह वैध रीतीने झाल्याचे समजल्याशिवाय वैधता गृहीत धरली जात नाही. विक्रेता विश्वासू मुस्लिम असेल तर त्याचा शब्द पुरेसा असतो. अनोळखी कंपनीच्या डब्यावर नुसते "बोवाइन" लिहिलेले असेल, तर त्यातून गाय की म्हैस हेही कळत नाही, जबहची गोष्ट दूरच. महाराष्ट्रात गायीबरोबरच २०१५पासून बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही बंदी आहे, पण भुकटी तर परराज्यातून किंवा परदेशातून आलेली असू शकते.

म्हणून मी विचारणाऱ्यांना सोपा मार्ग सांगतो. घ्यायचेच असेल तर माशाचे घ्या. समुद्रातील शिकार सूरह अल-माइदाच्या ९६व्या आयतीनुसार हलाल आहे, आणि माशाला जबहची अट नाही. डब्यावर तपकिरी त्रिकोण दिसेल, त्याने दचकू नये. तो मांसाहारी पदार्थाची खूण आहे, हरामाची नव्हे. तसाच हिरवा ठिपका म्हणजे हलालचा दाखला नव्हे. कॅप्सूल असेल तर मात्र तिच्या आवरणाकडे पाहा. आत मासा आणि बाहेर अज्ञात जनावराचे जिलेटिन असा प्रकार अगदी शक्य आहे.

जळगावचा माणूस सराफ बाजारात हॉलमार्क पाहिल्याशिवाय अंगठीही घेत नाही. डब्यावरही काही गोष्टी पाहण्यासारख्या असतात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक, उत्पादकाचा पत्ता, मुदत, आणि हे औषधी उपयोगासाठी नाही असे स्पष्ट वाक्य. कायद्यानेच लिहायला लावलेले हे वाक्य आणि विक्रेत्याच्या तोंडचे "महिन्याभरात गुडघे बरे" हे वाक्य एकमेकांसमोर ठेवून पाहा. दोहोंपैकी एक खोटे असणार. हलालचा शिक्का असला तर उत्तम, पण तो कच्च्या मालाविषयी सांगतो, गुणाविषयी नाही.

आणि गुण? पोटात गेलेले कोलॅजेन जसेच्या तसे गालावर जाऊन बसत नाही. इतर प्रथिनांप्रमाणे ते पचते, त्याची अमिनो आम्ले आणि लहान पेप्टाइड रक्तात जातात, आणि शरीर ती आपल्या गरजेप्रमाणे वापरते. रोज अडीच ते पंधरा ग्रॅम घेऊन दोन-तीन महिन्यांत त्वचेची आर्द्रता व लवचीकता काहीशी वाढल्याचे काही चाचण्यांत दिसले आहे. परंतु २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्वचेवरील २३ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा ज्या चाचण्यांमागे औषध कंपन्यांचा पैसा नव्हता, त्यांत लक्षणीय परिणाम आढळला नाही. मी वैद्य नाही, पण साक्षीदाराचा व्यवहारात स्वतःचा लाभ असेल तर त्याच्या साक्षीकडे कसे पाहावे, हे आम्हाला मदरशात शिकवले जाते.

धुळ्यातील एका भगिनीची गोष्ट सांगतो. दिवसभर शिलाई यंत्रावर बसणे, चार मुले, उजवा गुडघा सुजलेला. नात्यातल्याच एका विक्रेतीने तिला हप्त्याने डबा दिला आणि मग दुसरा. सात महिने ती पाण्यात भुकटी घोळून पीत राहिली आणि डॉक्टरकडे जाणे टाळत राहिली, कारण औषध तर चालूच होते. शेवटी क्ष-किरण चित्र काढले तेव्हा सांध्याची झीज बरीच पुढे गेलेली होती. तिने मला विचारले होते ते एवढेच की, ते मासळीचे होते, म्हणजे हलाल होते ना? होय, हलाल होते. सात महिने मात्र गेले.

हजरत उसामा बिन शरीक (रजि.) यांच्या कथनानुसार काही खेडूतांनी प्रेषितांना (स.) उपचार करावा काय असे विचारले, तेव्हा प्रेषितांनी (स.) उपचार करण्यास सांगितले आणि प्रत्येक रोगावर अल्लाहने उपाय ठेवल्याचे सांगून एकाच गोष्टीचा अपवाद केला, तो म्हणजे वार्धक्य. मला वाटते, या डब्याविषयीचा खरा नैतिक प्रश्न या हदीसमध्ये दडलेला आहे. सुजलेला गुडघा हा रोग आहे. त्यावर उपचार करणे ही सुन्नत. चाळिशीतील चेहरा हा रोग नव्हे. सौंदर्याची आवड इस्लामला अमान्य नाही, आणि स्वच्छ, नेटके राहणे हे तर कर्तव्यच. कोणी भगिनी आपल्या कमाईतून, फसवणूक न करता, त्वचेसाठी काही घेते तर मी तिला रोखणारा कोण? पण जेव्हा सासू सुनेच्या गालावरील डागांवर बोट ठेवते, किंवा स्थळ पाहायला येणारे वीस वर्षांच्या मुलीची "चमक" तपासतात आणि बाप उसने काढून डबा आणतो, तेव्हा दोष त्या मुलीच्या त्वचेत नसतो. सूरह अर-रूमच्या ५४व्या आयतीत दुर्बलता, मग बळ, मग पुन्हा दुर्बलता आणि पांढरे केस हा क्रम अल्लाहने स्वतः सांगितला आहे. तो क्रम लपवण्यासाठी घर कर्जात जात असेल, तर याला उधळपट्टी म्हणायचे नाही तर काय?

काही सावधगिरी तब्येतीबाबत. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशी भुकटी घेऊ नये. मुतखडा होणाऱ्यांनीही जपावे. कोलॅजेनमधील एका अमिनो आम्लाचे शरीरात ऑक्झलेट होते, आणि बहुतेक खडे त्याचेच असतात. आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात पाणी कमी पडते, तेव्हा हे अधिकच ध्यानात ठेवावे. माशाची अॅलर्जी, गर्भावस्था, अंगावर पाजणे, यांतही वैद्यकीय सल्ला हवा. मिश्रणात बायोटिन जास्त असेल तर थायरॉइड आणि हृदयविकाराच्या रक्तचाचण्यांचे आकडे चुकू शकतात; रक्त देण्यापूर्वी डॉक्टरांना तसे सांगावे. मधुमेहींनी साखर पाहावी. कोलॅजेनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसते, त्यामुळे ते डाळ, अंडी, दूध यांची जागा घेऊ शकत नाही. उलट शरीराला स्वतःचे कोलॅजेन तयार करण्यासाठी क जीवनसत्त्व लागते, जे पेरू, आवळा आणि लिंबू यांत स्वस्तात मिळते. तंबाखू आणि कडक ऊन त्वचेची जी हानी करतात, ती कोणत्याही डब्याने भरून निघत नाही. आमच्याकडे डबा पत्नीला आणि तंबाखूची पुडी स्वतःला, असा हिशेब फार.

शेवटी विक्री करणाऱ्या आपल्याच माणसांविषयी. अनेक घरांतील खाला आणि आपा आता या साखळी-विक्रीत आहेत आणि त्यांच्या चार पैशांच्या गरजेची मला जाणीव आहे. पण ज्याला वैद्यक येत नाही आणि तरी जो उपचार करतो, तो नुकसानीस जबाबदार, असे प्रेषितांचे (स.) वचन अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. धान्याच्या राशीत हात घालून आतला ओलावा प्रेषितांनी (स.) उघड केला, तो प्रसंगही सर्वांना माहीत आहे. विकायचेच असेल तर भुकटी कोणत्या जनावराची ते सांगा, ती औषध नाही हे सांगा, दुखणाऱ्या गुडघ्याला आधी डॉक्टरकडे पाठवा, आणि उघडलेला नसलेला डबा परत घेण्याची तयारी ठेवा. मशिदीच्या व्हॉट्सअॅप गटावर जाहिरात टाकण्याची विनंती मला दोनदा झाली आहे. दोन्ही वेळा मी नकार दिला आणि पुढेही देईन, मग भुकटी माशाची असो वा आणखी कशाची.