वाढीनंतरचा शब्द

विक्रेत्याने आपल्या मालाची स्तुती करावी, यात कोणी फारसे वावगे मानीत नाही. बाजाराचा तो रिवाजच आहे आणि ग्राहकही ती स्तुती थोडी वजा करूनच ऐकतो. नैतिक प्रश्न उद्भवतो तो माल डोळ्यांना दिसत नसेल तेव्हा. त्याहून अवघड प्रश्न उद्भवतो तो विकणारी कंपनी वाढीचे वय ओलांडून स्थिरावते तेव्हा. आपल्या घरांतील मुले-मुली आज पुण्याकडे संगणक कंपन्यांत विपणनाचे, म्हणजे रूढ शब्दात मार्केटिंगचे, काम करू लागली आहेत. त्यामुळे हा प्रश्न आता आपल्या उंबरठ्याच्या आत आला आहे.

पुण्याच्या क्विक हील या कंपनीचा प्रवास येथे उद्‌बोधक ठरावा. मूळच्या सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरच्या कैलास काटकर यांनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून आरंभ केला. पुढे संगणकांची दुरुस्ती आली. दुरुस्तीस येणारे संगणक व्हायरसने बिघडलेले असत, म्हणून धाकटे बंधू संजय यांनी १९९०च्या दशकाच्या मध्यास त्यावर उपाय करणारी आज्ञावली लिहिली. गरज समोर होती, उपाय हाती होता. अशा वेळी विपणन म्हणजे उपाय असल्याची वार्ता पोहोचविणे, एवढेच होते. २००७ साली कंपनीने क्विक हील टेक्नॉलॉजीज हे नाव घेतले, २०१० साली सिक्वोया कॅपिटल या संस्थेचे भांडवल आले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये कंपनीचे समभाग शेअर बाजारात दाखल झाले.

मधल्या काळात जगही बदलले. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ या प्रणालीत व्हायरसपासून रक्षण करणारी सोय मुळातच अंतर्भूत होती, आणि तीही वेगळे मोल न देता. घरोघरी संगणकाची जागा मोबाईल घेऊ लागला. अशा स्थितीत दोन मार्ग उरतात. एक, नवी खरी गरज शोधणे. क्विक हीलने संस्था व कारखान्यांसाठी सेक्राइट ही स्वतंत्र नाममुद्रा काढली, ती या प्रकारात मोडते. दुसरा मार्ग, गरज तेवढीच ठेवून भीती वाढविणे. या दुसऱ्या मार्गाविषयी आम्ही जे लिहीत आहोत ते कोणा एका कंपनीस उद्देशून नव्हे. त्या वयास पोहोचलेल्या कोणत्याही कंपनीपुढे हा मोह उभा राहतो.

समजा, ग्राहकाची वर्षाची मुदत संपली. त्याला कळविता येते : “आपली मुदत अमुक तारखेस संपली. प्रणालीतील मूळची सोय आपले काही रक्षण करीलच. आमच्या सेवेमुळे त्याशिवाय अमुक लाभ होतील.” अथवा लाल अक्षरांत लिहिता येते : “आपला संगणक धोक्यात आहे!” दुसरे वाक्य सर्वस्वी असत्य म्हणता येत नाही, कारण धोका सर्वांनाच थोडाफार असतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्रायने अनेक देशांतील संगणक ओलीस धरले, तेव्हा तो इशारा खराच होता. पण तो वर्षभर, सर्वांना, एकाच स्वरात दिला की त्याचा ‘नरो वा कुंजरो वा’ होतो. युधिष्ठिराचा एकही शब्द खोटा नव्हता, तरीही त्याचा रथ जमिनीला टेकला. शब्द खरे असूनही ऐकणाऱ्याच्या मनात असत्य उभे करता येते, हे व्यासांनी ओळखले होते.

कायद्यानेही हे आता ओळखले आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या मांडणीचे १३ प्रकार निषिद्ध ठरविले. खोटी घाई निर्माण करणे आणि संगणकात व्हायरस असल्याचा भास निर्माण करून पैसे उकळणे, हे दोन्ही त्यांत आहेत. परंतु कायदा शेताचा बांध घालून देतो. आत काय पेरावे हे तो सांगत नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. नोकरी करणाऱ्याने मालकाचे हित पाहावे; दर तिमाहीचे आकडे घसरले तर त्याच्यासारख्यांच्याच नोकऱ्या जातात. हा आक्षेप हलका नाही. शासकीय सेवेतही मार्चअखेरीस उद्दिष्टाचा आकडा पुरा झाला की काम पुरे झाले असे मानण्याचा मोह आम्ही जवळून पाहिला आहे. तथापि येथे एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. वाढत्या कंपनीची अतिशयोक्ती परक्या माणसाच्या कानी पडते. तो पाठ फिरवून जाऊ शकतो. स्थिरावलेली कंपनी बोलते ती ज्याने आधीच विश्वास ठेवला आहे त्याच्याशी. तिथे त्याचा विश्वासच त्याच्याविरुद्ध वापरला जातो. पहिल्या कृत्यास आपण फसवणूक म्हणतो, दुसऱ्यास विश्वासघात; आणि आपल्या भाषेने हे दोन शब्द उगाच वेगळे ठेवलेले नाहीत.

मग परिपक्व कंपनीत विपणनाला काम ते कोणते उरते? आपल्या लालबागेतील कुंडी भंडारा पाहावा. १६१५च्या सुमारास सातपुड्याचे झिरपते पाणी भूमिगत मार्गाने शहरात आणले गेले. ज्यांनी ते आणविले त्यांची नावे इतिहासात आहेत. पण त्या पाण्यातील चुन्याचे थर मार्गाच्या भिंतींवर साचत राहतात, आणि ते खरवडून वाट मोकळी ठेवणाऱ्यांची नावे कोठेही नाहीत. शहर मात्र त्यांच्याही भरवशावर पाणी प्याले. कंपनी स्थिरावल्यावर विपणनाचे काम या दुसऱ्या जातीचे होते : दिलेला शब्द तपासणे, ग्राहकाची तक्रार आत पोहोचविणे, ज्याला वस्तूची गरज नाही त्याला तसे सांगणे. यात बढती सावकाश मिळेल, कदाचित मिळणारही नाही. ही किंमत आम्ही लपवू इच्छीत नाही.

अशा नोकरीतील तरुणांना आम्ही एकच कसोटी सुचवू. ग्राहकाला पाठवावयाचे वाक्य आधी घरी फोन करून आजोबांना वाचून दाखवावे. ऐकून ते घाबरून विचारतील, “मग पैसे केव्हा भरू?” त्यावर “थांबा आजोबा, तुम्हांला नकोत” असे म्हणावेसे वाटले, तर ते वाक्य दुसऱ्याच्या आजोबांनाही पाठवू नये. आणि आपण घरच्यांनीही सुटीत आलेल्या मुलाला पगाराचा आकडा विचारण्याआधी, यंदा कोणते वाक्य पाठविण्याचे नाकारलेस, हे विचारावे.