तिसरी घंटा

हिचे मामा आयुष्यात कधी खोटं बोलले नाहीत. हे मी सांगत नाही, ते स्वतःच सांगतात, आणि पाहुणा दारात चपला काढत असतानाच सांगतात. सगळी नोकरी हिशेब तपासण्यात गेली. ज्याचं व्हाउचर नाही ते घडलंच नाही, या तत्त्वावर त्यांनी कचेरीही सांभाळली आणि संसारही केला. 'काल तुमची फार आठवण झाली,' असं मामी एकदा माहेराहून आल्यावर म्हणाल्या, तर 'किती वाजता?' असं मामांनी विचारलं म्हणे. तेव्हापासून मामी फक्त वाणसामानाविषयी बोलतात.

अशा माणसाला नाटक, सिनेमा, कथा-कादंबरी यांविषयी काय वाटत असेल ते सांगायला नकोच. 'थापा' हा त्यांचा शब्द. "जावईबापू, न घडलेली गोष्ट घडली म्हणून लिहायची, याला आमच्याकडे खोटी नोंद म्हणत. तुम्ही त्याला कला म्हणता. फरक एवढाच, की आमच्याकडे माणसाला घरी बसवत आणि तुमच्याकडे व्यासपीठावर."

हे ऐकून हसू येतं खरं, पण हसून प्रश्न सुटत नाही. कल्पना हे सभ्य माणसाचं खोटं बोलणं नव्हे काय? प्लेटोसारखा प्लेटो, पण आपल्या आदर्श नगरात कवींना जागा द्यायला तोही तयार नव्हता. मामांनी प्लेटो वाचलेला नाही. पण पेन्शन सुरू झाली की बरीच माणसं न वाचताच प्लेटोच्या पंक्तीला जाऊन बसतात.

मामांशी वाद घालायचा तर तो सत्याच्या बाजूनेच घालावा लागतो, म्हणून मी थेट राजा हरिश्चंद्रालाच साक्षीला बोलावतो. स्वप्नात दिलेला शब्द जागेपणी पाळणारा हा राजा. (स्वप्नातल्या देण्याचं व्हाउचर काय, हा प्रश्न मामांनी अजून विचारलेला नाही, मीही सुचवलेला नाही.) आता गंमत बघा. आपल्याकडचा पहिला मोठा कथापट दादासाहेब फाळक्यांनी काढला तो याच सत्यवादी राजावर. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात तो लोकांपुढे आला. आणि सत्याचा हा महिमा गायला जी मंडळी जमली, त्यांनी काय काय केलं? राणी तारामतीच्या कामाला एकही बाई तयार होईना. नाचगाण्याच्या वस्तीतल्या बायकांनीसुद्धा 'आमची अब्रू जाईल' म्हणून नकार दिला. शेवटी फाळक्यांना एका उपाहारगृहात अण्णा साळुंके नावाचा नाजूक हातांचा पोरगेलासा माणूस सापडला. तिथं त्याला महिना दहा रुपये मिळत, फाळक्यांनी पंधरा कबूल केले, असं सांगतात. पतिव्रता तारामती ती ही. स्त्रीपार्ट करणाऱ्या इतर मंडळींना मिशा उतरवायला राजी करणं हे तर राज्यदान करण्याहून अवघड गेलं म्हणतात, कारण वडील हयात असताना मिशी काढायची कशी? त्यातून सिनेमात काम करणं इतकं कमीपणाचं, की कुणी विचारलंच तर 'आम्ही हरिश्चंद्राच्या कारखान्यात कामाला आहोत' असं सांगा, असा सल्ला फाळक्यांनी सगळ्यांना दिला होता अशी आठवण सांगतात. म्हणजे सत्यवचनी राजाचा चित्रपट काढायला निघालेली अख्खी फौज रोज सकाळी घरातून थाप मारून दादरला जात होती!

त्या कारखान्यात खरं काय होतं? सरस्वतीबाई फाळके होत्या. सगळ्या मंडळींचं जेवण त्या रांधत, आणि वर कच्च्या फिल्मच्या कडेला भोकं पाडायचं कामही करत. तो स्वयंपाक खरा होता, ते जागरण खरं होतं. रोहिदास झालेला मुलगा फाळक्यांचा स्वतःचाच होता. बाकी सगळं मामांच्या भाषेत 'खोटी नोंद'. पुढे १९१७ मध्ये 'लंकादहन' निघाला, त्यात तर राम आणि सीता ही दोन्ही कामं याच अण्णा साळुंक्यांनी केली. सीतेच्या शोधात रामाने वनोवन हिंडायचं कारण नव्हतं, रंगपटातल्या आरशात पाहिलं असतं तरी चाललं असतं. तरीही लोकांनी त्या पडद्यापुढे हात जोडले. ती माणसं भोळी होती म्हणून सोडून द्यावं, असं मला वाटत नाही. साळुंके पुरुष आहे हे न कळण्याइतकी ती खास भोळी नव्हती. समोर बाप्या आहे हे एका डोळ्याला दिसत होतं आणि दुसऱ्या डोळ्याला सीता दिसत होती. दोन्ही डोळे उघडे ठेवून सिनेमा पाहायची ही विद्या त्यांना उपजत होती.

पण माझा खरा आवडता पुरावा म्हणजे वाटाणा.

'राजा हरिश्चंद्र' काढायला पैसे हवेत, आणि पैसेवाल्याला हे काय प्रकरण आहे ते दाखवायला हवं, म्हणून फाळक्यांनी आधी एक एवढीशी फिल्म केली होती. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला, आणि दिवसामागून दिवस एकेक चित्र घेत महिनाभर त्या वाटाण्याची पाळत केली. मग ते सगळं सलग फिरवलं. मिनिटभरात माती हलली, कोंब वर आला, वेल डोलू लागला. आता यात खोटं काय? प्रत्येक चित्र खरं. प्रत्येक दिवस खरा. फाळक्यांनी एक पानदेखील पदरचं लावलेलं नाही. आणि तरीही मिनिटात वाढणारा वाटाणा जगात कुठल्याही बागेत नाही. मी हे मामांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "महिन्याचं काम एका मिनिटाच्या खात्यावर टाकलंय. आक्षेप निघेल." निघू दे. पण झाड वाढतं ते अहोरात्र डोळ्यांसमोर असूनही आपल्याला कधी दिसलं नव्हतं. ते त्या एका मिनिटात दिसलं. तसं पाहिलं तर पडद्यावर काहीच हलत नसतं. सेकंदाला चोवीस स्थिर चित्रं येतात नि जातात. त्यांना हलवतो तो आपला डोळा. म्हणजे या थापेत निम्मे भागीदार आपणच, आणि तिकीट काढून भागीदार झालेलो!

हा वाद असाच चहाबरोबर जिरत राहिला असता. पण दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत तो आमच्या चिरंजिवांपर्यंत पोचला. वय वर्षं सात.

इमारतीच्या मागच्या कोपऱ्यात पोरांनी किल्ला केला होता. किल्ला म्हणजे आपल्याकडे असतो तसा: दगडमातीवर चिखल, त्यावर अळिवाची हिरवळ, महाराज सिंहासनावर, दरवाजापेक्षा पहारेकरी उंच, आणि पायथ्याला एक कान तुटलेला मातीचा वाघ. चिरंजिवांनी मामाआजोबांना हात धरून नेलं आणि सांगितलं, की हा वाघ रात्री उठून आपल्या टाकीवर पाणी प्यायला येतो. एकटा नाही. अंधारात पाय घसरू नये म्हणून एक मावळा कंदील घेऊन त्याच्याबरोबर येतो.

"तू पाहिलंस?" मामांनी विचारलं.

"हो."

"खोटं बोलू नये. परत म्हण, वाघ मातीचा आहे."

चिरंजिवांनी परत म्हटलं. वाघ मातीचा आहे. मामांनी ते दहा वेळा म्हणवून घेतलं आणि समाधानाने फराळाला बसले. पोरगं दोन दिवस किल्ल्याकडे फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी हिच्या पदराशी चाळा करत त्याने हळूच विचारलं, "आई, गोष्ट सांगायच्या आधी 'हे खोटं आहे' असं म्हटलं आणि मग सांगितली, तर चालेल?"

मी लिहिणारा माणूस, पण मला पटकन काही सुचलं नाही. ही पोहे परतत होती. कालथा न थांबवता म्हणाली, "तसं नाही म्हणायचं. 'आटपाट नगर होतं' असं म्हणायचं. त्याचा अर्थ तोच."

मी थक्क झालो. इतकी वर्षं मामांशी झगडून मला जे सापडलं नव्हतं, ते पोह्यांबरोबर झाकणाखाली वाफेला ठेवलं होतं. आटपाट नगर म्हणजे पाटीच की! इथून पुढे कायदे वेगळे, यायचं तर राजीखुशीने या. नाटकाची तिसरी घंटा हेच सांगते. घंटा झाली, की समोरचा माणूस मेला तरी पोलिसांना बोलवायचं नाही. खोटं बोलणारा माणूस आणि गोष्ट सांगणारा माणूस यांच्या बोलण्यात फरक नसेलही, पण खोटारडा घंटा देत नाही. आपण खेळात आहोत हे तुम्हाला कळू नये, हीच त्याची धडपड. गोष्ट सांगणारा मात्र सतत तुमच्या तोंडाकडे बघत असतो: येताय ना बरोबर?

आणि इथे मला मामांचीच थोडी काळजी वाटते. मामा स्वतः थाप मारत नाहीत, पण त्यांना मारलेली थाप ते पूर्ण गिळतात. सकाळी सहाला त्यांचे व्हॉट्सअॅप निरोप सुरू होतात. आपलं राष्ट्रगीत युनेस्कोने जगात सर्वोत्तम ठरवलं, हे त्यांनी मला चार वेळा कळवलं. युनेस्कोने असलं काही ठरवलेलं नाही. आणि दर दिवाळीत 'दिवाळीच्या रात्री अवकाशातून दिसणारा भारत' हे रंगीबेरंगी दिव्यांचं चित्र येतं ते येतंच. ते चित्र बनावट नाही, बरं का. उपग्रहांनी १९९२ ते २००३ या काळात टिपलेले दिवे एकावर एक ठेवून ते तयार केलं. कुठली वस्ती कधी वाढली ते वेगवेगळ्या रंगांत दाखवलं. दिवाळीचा त्यात काही संबंध नाही, असा खुलासा खुद्द नासाने २०१२ मध्ये केला. म्हणजे तोच फाळक्यांचा वाटाणा! पुष्कळ वर्षं एका चित्रात आणलेली. फाळक्यांनी तो 'बघा, असा वाढतो' म्हणून दाखवला. इथे कुणीतरी पाटी बदलली, आणि तेच चित्र थाप झालं. आता तर यंत्राला सांगितलं की न घडलेल्या सभेचं, न बोललेल्या भाषणाचं चित्र हुबेहूब हजर होतं. अशा दिवसांत ज्याने लहानपणी मातीच्या वाघाला पाणी पाजलंय, तो निदान एकदा विचारील, की अरे, इथे घंटा झाली होती का? ज्याने दहा वेळा 'वाघ मातीचा आहे' एवढंच म्हटलंय, त्याला कुणी खरा वाघ म्हणून काहीही विकावं.

मामांच्या वहीत ज्याला रकानाच नाही अशी एक नोंद मात्र मी त्यांना वाद म्हणून कधी सांगितली नाही, नुसतीच सांगितली. १९११ साली मुंबईत 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता, आणि त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली. प्रयोग झाला. बालगंधर्व भामिनी होऊन उभे राहिले, हसले, लाजले, गायले. ते हसू खोटं होतं का? मामांनी चष्मा काढून पुसला आणि दुधाचा भाव विचारला.

गेल्या महिन्यात ते चार दिवस आमच्याकडे होते. चिरंजिवांनी त्यांना मोबाइलवर जुना 'अयोध्येचा राजा' लावून दिला होता. प्रभातचा, १९३२ चा. तीच हरिश्चंद्राची कथा. एकोणीस वर्षांत बराच फरक पडला होता, यातली तारामती खरीखुरी बाई होती. शेवटचा भाग चालला होता. मामांच्या डोळ्यांना पाण्याची धार लागलेली. मला राहवेना. म्हटलं, "मामा, उगाच जिवाला लावून घेऊ नका. ती तारामती नव्हे. नावच बघा ना, दुर्गाबाई खोटे!"

"गप्प बसा हो," मामा मान वर न करता म्हणाले. "आडनावावर काय जाता?" आणि माझ्या बोलण्यात बुडालेला तेवढा तुकडा त्यांनी चिरंजिवांकडून पुन्हा मागे घेऊन लावून घेतला.