वही कुणाची?

हिंगोली जिल्ह्यातल्या कुरुंदा गावाचं नाव मराठी विचारविश्वात रुजलं ते नरहर कुरुंदकरांच्या आडनावातून. याच जिल्ह्यातलं नर्सी संत नामदेवांचं, आणि शेजारच्या परभणीतलं गंगाखेड जनाबाईंचं. जनाबाई अभंगात स्वतःला ‘नामयाची दासी’ म्हणवतात. भक्तीत ते भूषणच. पण बाईच्या कवितेलाही धन्याचं नाव लागावं, हे मला खटकतं.

सातशे वर्षांनंतरची गोष्ट बघा. लेखिका बेबी कांबळे फलटणला छोटं दुकान चालवायच्या. गिऱ्हाईक नसलं की लिहायच्या आणि लिहिलेलं नवऱ्याच्या नजरेला पडू नये म्हणून लपवायच्या. अशी सुमारे वीस वर्षं गेली. फलटणलाच राहणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांच्या आग्रहामुळे ते लेखन बाहेर आलं. आधी ‘स्त्री’ मासिकात छापलं गेलं, मग १९८६मध्ये ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झालं. महारवाड्यातली उपासमार, सुनांचा सासुरवास, बाबासाहेबांमुळे आलेली जाग, सगळं त्यात रोखठोक आहे. स्वतःच्या नवऱ्याचा संशय आणि मारहाण मात्र नाही. ते त्या पुढे पुस्तकाच्या अनुवादक माया पंडित यांच्याशी बोलताना सांगत्या झाल्या.

या मौनाला मी भित्रेपणा म्हणणार नाही. संध्याकाळी त्याच उंबऱ्याच्या आत जायचं असलं की काय लिहायचं नाही हे आधी ठरतं, काय लिहायचं ते नंतर.

२०१९च्या यवतमाळ साहित्य संमेलनात लेखिका नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागे घेतलं गेलं, तेव्हा आपण सगळे चिडलो. अध्यक्ष अरुणा ढेरे यांनीही व्यासपीठावरून ते चुकल्याचं सांगितलं. अशी बंदी निदान दिसते, तिचा निषेध करता येतो. घरातल्या बंदीचं पत्र निघत नाही. ‘तुला काय कमी आहे लिहायला?’ एवढं वाक्य पुरतं. वसमत-कुरुंद्याकडे हळद शिजायला लागली की बायांना पाठ टेकायलाही सवड नसते. त्यात लिहिण्याचा तास मागायचा कुणाकडे? शिकलेल्या घरांनीही हसू नये. तिथे तास मिळतो, पण लिहिलेलं आधी नवऱ्याला दाखवावं लागतं.

तुमच्या घरात कुणी लिहीत असेल, तर तिची वही न विचारता उघडू नका. आणि तेवढा वेळ चहा तुम्ही ठेवा.