दोष कोणाचा?

निर्णय देणाऱ्या माणसाला सर्वांत जड जाणारे वाक्य कोणते, असे मला कोणी विचारले तर मी म्हणेन, ‘मला अजून ठाऊक नाही’ हे. मग तो घरचा कर्ता असो, शाळेचा मुख्याध्यापक असो, की राज्याचा मंत्री. भोवतीची माणसे उत्तरासाठी ताटकळलेली असतात, आणि गप्प राहणारा पुढारी त्यांना दुबळा वाटतो. म्हणून पुष्कळदा तो पुरावा हाती येण्यापूर्वीच निकाल देतो आणि पुढे तो निकाल राखण्यातच आपली बुद्धी खर्च करतो.

याचा मासला दिवाळीच्या स्वयंपाकघरातही सापडतो. चकली तेलात विरघळली की सासूबाई मोहनाला बोल लावतात, सूनबाई भाजणीला, आणि घरधनी गिरणीवाल्याला. पाच घाण्यांपैकी चार उत्तम उतरले आणि एकच बिघडला, तर दोष भाजणीचा कसा, हा साधा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. येथे फार तर एक ताट वाया जाते. राज्यकारभारात मात्र माणूस वाया जातो.

वाल्डेमार हाफकिन हा ओडेसाचा ज्यू शास्त्रज्ञ. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा सरकारने त्याला येथे पाठवले. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या लहानशा जागेत त्याने लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात सुमारे निम्म्या कैद्यांना ती दिली. बाकीचे निम्मे लसीवाचून राहिले, आणि त्यामुळेच दोन्ही गटांची तुलना करता आली. लस घेतलेल्यांत प्लेगचे प्रमाण पुष्कळ कमी निघाले. कैदी स्वेच्छेने पुढे आले होते असे सांगतात. पण गजाआडच्या माणसाची स्वेच्छा कितपत मोकळी असते, हा काटा माझ्या मनात राहतोच. तथापि एक गोष्ट मान्य केली पाहिजे. आपले म्हणणे खोटे ठरण्याला जागा राहील, अशी मांडणी हाफकिनने आपण होऊन केली होती.

पुढे ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस टोचली गेली. काही दिवसांनी त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सारे दगावले. लसीच्या पाच बाटल्या वापरल्या होत्या. दगावलेल्या साऱ्यांची लस ५३-एन या एकाच बाटलीतली होती. म्हणजे घाणा एकच बिघडला होता. पण तो बिघडला कोठे? मुंबईच्या प्रयोगशाळेत, की गावात बूच काढताना?

चौकशी समितीने प्रयोगशाळेकडे बोट दाखवले. लस मोठ्या प्रमाणावर करता यावी म्हणून हाफकिनने कार्बॉलिक अॅसिड गाळून उष्णतेवर भिस्त ठेवली होती. हा बदल त्याच्या अंगाशी आला. त्याला कामावरून दूर करण्यात आले. परंतु गावातला चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करताच त्याने बूच उपसले होते. बाटली उघडताना लसीला दुर्गंधी आली नव्हती. धनुर्वाताचे जंतू आत बरेच दिवस वाढले असते तर ती आल्यावाचून राहिली नसती. रोगाची लक्षणेही आठवड्याने दिसली. विष आधीच साचलेले असते तर ती लवकर दिसली असती. १९०७ साली रोनाल्ड रॉस आणि इतर नामांकित शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून हे सारे मांडले, तेव्हा कोठे हाफकिन दोषमुक्त झाला. मधली पाच वर्षे गेली ती गेलीच.

कोणी म्हणेल, १९ माणसे मेल्यावर सरकारने काय हात जोडून बसायचे होते? मुळीच नाही. त्या लसीचा वापर तपास होईपर्यंत थांबवणे हे कर्तव्यच होते. पण लस थांबवणे ही सावधगिरी आहे आणि माणसाला दोषी ठरवणे ही शिक्षा आहे. सावधगिरीला संशय पुरतो. शिक्षेला पुरावाच लागतो. संकटाच्या घाईत या दोहोंमधली रेघ पुसली जाते, आणि लोकक्षोभ शांत करण्यासाठी एक माणूस पुढे ढकलला जातो. क्षोभ शमतो, पण दोष मात्र आपल्या जागीच राहतो. चिमटा उद्याही जमिनीवर पडणार असतो.

म्हणून मला वाटते, ज्याच्या हाती निर्णय आहे त्याने स्वतःला एक प्रश्न विचारावा: काय दिसले असता मी माझे मत बदलेन? या प्रश्नाला ज्याच्यापाशी उत्तर नाही, त्याच्यापुढे पुराव्याचे ढीग ठेवूनही उपयोग नाही. त्यांतले सोयीचे तेवढे तो उचलील. भायखळ्याला हाफकिनने हा प्रश्न स्वतःला विचारला होता. त्याचा न्याय करणाऱ्यांनी मात्र तो स्वतःला विचारल्याचे दिसत नाही.

१९२५ साली परळच्या त्या प्रयोगशाळेला हाफकिनचे नाव देण्यात आले. ते योग्यच झाले. परंतु पाटीवरचे नाव ही उशिरा सुचलेली कृतज्ञता असते. वेळेवर केलेला विचार हाच खरा न्याय. दुःखी माणसांसमोर उभे राहून ‘मी शोधतो आहे, अजून ठाऊक नाही’ असे म्हणायला छाती लागते. अशी छाती असलेल्या माणसाला आपण दुबळा म्हणणे सोडले, तर तशी माणसे आपल्याला अधिक मिळतील.