दिव्याचे तेल



नंदादीपाचा संकल्प सोडणारा मनुष्य समई आणून देवापुढे ठेवतो आणि तेवढ्यावर घरी परततो, असे कधी कोणी पाहिले आहे काय? समई एकदाच घ्यावयाची असते. तेल रोज लागते. हे ओळखूनच आपल्या वाडवडिलांनी नंदादीपासाठी शेताचा तुकडा लावून दिला, कोणी नारळीचे झाड लावून दिले, कोणी पेढीवर रक्कम ठेवून तिच्या व्याजात वातीची व तेलाची सोय केली. देवाच्या दिव्यासंबंधी जे शहाणपण आपल्या अंगी न शिकविता मुरलेले आहे, ते शाळा आणि दवाखाना यांच्यासाठी दान करताना कोठे जाते, याचा विचार आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

काही वर्षांपूर्वी एका गावी प्रवचनानिमित्त जाण्याचा योग आला. देवळाच्या मागे एक टुमदार इमारत होती. दर्शनी भिंतीवर संगमरवरी शिला, तिच्यावर दात्यांची नावे, दाराला कुलूप. मी चौकशी केली, तेव्हा पुजारी म्हणाले, "महाराज, हा दवाखाना. इमारत आहे, बाई नाहीत." एका धर्मादाय संस्थेने तीन वर्षे परिचारिकेचा पगार दिला होता. तोवर गावातील पोरे दर महिन्याला तोलली जात, टोचली जात, गरोदर बायकांची विचारपूस होई. मुदत संपली आणि बाई दुसरीकडे गेल्या. खिडकीतून आत पाहिले तो तान्ह्या मुलांना तोलण्याचा काटा आढ्याला तसाच लटकत होता. त्या रात्री माझे प्रवचन दानमाहात्म्यावरच होते. ते कसे झाले हे सांगण्यात अर्थ नाही. काटा मात्र डोळ्यांपुढून हलेना.

आपल्या शास्त्रांनी धर्मकार्याचे इष्ट आणि पूर्त असे दोन भाग केले आहेत. यज्ञयाग ते इष्ट. विहिरी, तळी, देवालये, अन्नछत्रे, बागा ही पूर्त. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात 'चतुर्वर्गचिंतामणी' हा प्रचंड ग्रंथ रचला. त्याच्या दानखंडात विद्यादान तर आहेच, पण आरोग्यदानही आहे. आरोग्यशाळा स्थापन करावी, तीत जाणता वैद्य असावा, औषधे भरलेली असावीत, असे तो जुन्या पुराणवचनांच्या आधारे सांगतो आणि कारण देतो ते फार मार्मिक आहे. धर्म, अर्थ, काम, मोक्ष या चारही पुरुषार्थांचे साधन आरोग्य होय. म्हणून ज्याने आरोग्य दिले त्याने चारही दिली. दवाखान्याला देणे हे हल्लीचे खूळ आहे, देवस्थानाने त्यात पडू नये, असे म्हणणाऱ्या आपल्यातील वडीलधाऱ्यांनी हेमाद्रीचे हे प्रकरण अवश्य डोळ्यांखालून घालावे.

आणि हे केवळ ग्रंथातच राहिले असेही नाही. आपल्या प्रांतापासून दूर, तमिळ देशी कांचीपुरमच्या परिसरात तिरुमुक्कूडल नावाचे क्षेत्र आहे. पालार नदीला तेथे दोन नद्या मिळतात. नावाचा अर्थच त्रिवेणीसंगम. तेथील वेंकटेश पेरुमाळच्या मंदिरात चोळ राजा वीरराजेंद्र याचा इसवी सन १०६९ च्या सुमाराचा एक विस्तृत शिलालेख आहे. मंदिराच्या उत्पन्नातून एक पाठशाळा, तिचे वसतिगृह आणि पंधरा खाटांचे एक रुग्णालय चालविण्याची व्यवस्था त्यात लिहून ठेवली आहे.

मला त्या लेखात राजाच्या पराक्रमापेक्षा पुढील यादी अधिक मोलाची वाटते. रुग्णालयात एक वैद्य, एक शस्त्रवैद्य, वनस्पती गोळा करून आणणारे, सरपण पुरविणारे व औषधे करणारे दोन सेवक, रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या दोन स्त्रिया, एक नाभिक. प्रत्येकाला वर्षाकाठी किती भात द्यावयाचा हे ठरलेले. रुग्णाला रोज एक नाळी तांदूळ. वर्षभर साठ्यात असावयाच्या सुमारे वीस औषधांची नावे. त्यांत दशमूल-हरीतकी आहे, बिल्वादि घृत आहे, कल्याणलवणही आहे. पाठशाळेत साठ विद्यार्थी. त्यांच्या भोजनाची, चटयांची, शनिवारच्या अभ्यंगाच्या तेलाची तरतूद. आणि रुग्णालयात रात्रभर जळणाऱ्या दिव्याचे तेल! पंधरा रुग्णांपैकी एखादा अपरात्री कण्हत उठला तर त्याला अंधार दिसू नये, एवढा विचार नऊशे वर्षांपूर्वी कोणीतरी केला आणि तो दगडावर कोरविला. रुग्णालयाला राजाने स्वतःचेच नाव दिले होते, 'वीरचोळन'. म्हणजे दात्याने नाव लावणे हेच मोठे पाप, असे मी म्हणत नाही. नावाखाली तेलाचा हिशेबही कोरलेला असावा, एवढेच मागणे आहे.

ती पाठशाळा वेदशास्त्रे शिकणाऱ्या मोजक्या विद्यार्थ्यांची होती, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. आज आपण ज्या शाळेला देतो तीत सर्व घरची मुले-मुली बसतात. पात्राची कक्षा वाढली, तेव्हा दात्याचे उत्तरदायित्वही वाढले.

आता खर्च नित्य चालावा कसा? याचे उत्तर मात्र आपल्या नाशिकच्या लेण्यांत आहे. पांडवलेण्यातील दहाव्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जामात उषवदात याचा लेख आहे. त्याने तीन हजार कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून ठेविले; दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि एक हजार दुसरीकडे, शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी. हिशेब करून पाहा: वीस बारे दोनशे चाळीस, दोन हजारांचे वर्षाचे व्याजही नेमके तेवढेच! मूळ रक्कम परत मागावयाची नाही, व्याजच भोगावयाचे. अशा ठेवीला 'अक्षयनीवी' म्हणत. हा व्यवहार निगमसभेत वाचून दाखविला गेला आणि दप्तरी नोंदला गेला, असेही लेख सांगतो. आजच्या धर्मादाय न्यासाची सारी अंगे येथे आहेत: मूळ निधी, विश्वस्त, हेतू, नोंदणी.

हल्ली दानाचा ओघ वाढला आहे, हे खरे. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यास लावणे बंधनकारक केले, आणि त्यातून शाळांना व आरोग्यकार्याला पुष्कळ मिळते. परंतु २०२१ च्या नियमांनुसार अशा चालू प्रकल्पाची मुदत आरंभीचे वर्ष सोडून तीन वर्षांपलीकडे जात नाही. त्यात त्यांचा दोष काढावयाचा नाही. चौथ्या वर्षी परिचारिकेचा पगार कोण देणार, हा प्रश्न मात्र गावातील देवस्थानापुढे आणि आपल्यासारख्या समाजापुढे येतो, कारण आपण कोठे जाणार नसतो.

भगवंतांनी गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाला देश, काळ आणि पात्र यांची जोड दिली आहे. काळ म्हणजे आपण ग्रहण, संक्रांत, अधिकमास एवढेच समजतो. तान्ह्या मुलाला लस ज्या महिन्यात टोचावयाची तो महिनाही काळच आहे, आणि तो तुमच्या-आमच्या वर्गणीसाठी थांबत नाही. यज्ञात आहुती देताना यजमान 'न मम' म्हणतो. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या, मुंबईत रुग्णांच्या नातलगांसाठी आसरा केला, पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी देऊन टाकली. १९५६ साली ते गेले तेव्हा हातातील गाडगे आणि अंगावरील चिंध्या यांखेरीज त्यांचे असे काही नव्हते. 'न मम' म्हणावयाचे ते असे. आपल्यापैकी कित्येकांचे 'न मम' शिलेवरील अक्षरांच्या उंचीपाशी अडते. (मी स्वतःला त्यातून वगळीत नाही, माझ्या वडिलांच्या नावाच्या पाटीसाठी मीही एकदा पत्रव्यवहार केला आहे.)

तेव्हा आपल्या समाजापुढील प्रश्न साध्या अंकांत मांडतो. समजा, एका परिचारिकेला दरमहा वीस हजार रुपये द्यावयाचे. वर्षाचे झाले दोन लाख चाळीस हजार. शेकडा सहा व्याज धरले तर मूळ निधी चाळीस लाखांचा हवा. तेवढ्यानेही भागणार नाही. महागाई ही निधीला लागलेली वाळवी आहे, म्हणून व्याजाचा काही अंश दरवर्षी मुळात परत मिळवावा लागेल, आणि त्यासाठी निधी चाळीस लाखांहून मोठा असावा लागेल. रक्कम एका घराला पेलणारी नाही. चारशे घरांनी दहा-दहा हजार दिले तर पहिले चाळीस लाख उभे राहतात. ज्यांना तेवढे शक्य नाही त्यांनी दरमहा काही देण्याचे पत्करावे. सभामंडपाच्या नव्या फरशीसाठी एकदाच दिलेल्या मोठ्या देणगीपेक्षा ते दवाखान्याला अधिक उपयोगी पडेल. फरशी आणखी दहा वर्षे सहज टिकेल, असे माझे मत आहे. मंडळातील काहींचे ते नाही, हे मला ठाऊक आहे.

ज्यांना निधीत द्यावयाचे आहे त्यांनी एक गोष्ट करावी. 'ही रक्कम मूळ निधी म्हणून' असे दान देताना स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून द्यावे. तसे लेखी नसेल तर कायद्याने ती रक्कम चालू उत्पन्नात धरली जाते आणि वर्षभरात खर्ची पडू शकते. कोरे अर्ज कार्यालयात पुजाऱ्यांच्या खोलीशेजारी ठेविले आहेत.