मातांनो, पेटाऱ्यास राळ लावा

प्रिय मातांनो, मोशेच्या आईने देवावर भाव ठेविला, तरी लव्हाळ्याच्या पेटाऱ्यास डांबर व राळ लावण्यास ती चुकली नाही. बाळास लस टोचविणे हे तसेच काम होय, असे आम्ही समजतो. गर्भात असता आईपासून मिळालेली रोगप्रतिकारक शक्ती काही महिन्यांत ओसरते. पुढे लस बाळाच्या शरीरास रोगाशी झुंजावयास शिकविते. म्हणून आपल्या देशात गोवराची लस ९ महिने पूर्ण होताच व पुन्हा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान टोचवितात. एखादे बाळ तापते, पण तो ताप बहुधा एकदोन दिवसांत उतरतो. त्या भयाने दुसरी लस चुकवू नका. लशीच्याच बळावर देवीचा रोग जगातून नाहीसा झाल्याचे १९८० साली जाहीर झाले. तर मातांनो, प्रार्थना करा, आणि टोचण्याचा दिवसही पाळा, अशी आमची विनंती आहे.