मुदतीत विरणारी कुंडी

वनीकरणात लावलेलं झाड तीन-चार वर्षांनी वाऱ्यानं आडवं झालं, तर त्याच्या बुडाशी वाकून पाहावं. पुष्कळदा काळ्या पिशवीच्या चिंध्या तिथं अजून शाबूत असतात आणि मुळं पिशवीच्याच आकारात गोल फिरून एकमेकांना आवळून बसलेली असतात. लावताना घाईत कुणी पिशवी फाडलेली नसते. मार्च २०१८मध्ये महाराष्ट्रानं प्लॅस्टिकबंदी आणली आणि त्याच पावसाळ्यात १३ कोटी रोपं लावण्याचा संकल्प केला. रोपवाटिकांतली बहुतेक रोपं मात्र पॉलिथिनमध्येच वाढत होती. म्हणून लाकडाच्या भुशापासून कुंडी करण्याचा उद्योग मला किरकोळ वाटत नाही.

कल्पना जुनीच आहे. नॉर्वेच्या जिफी कंपनीची कुंडी पीट आणि लाकडाचा लगदा यांची असते. पीट म्हणजे दलदलीत साठलेला अर्धवट कुजका वनस्पतिजन्य थर; तो वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर वाढतो. आपल्याकडे पीट फारसं नाही, भुसा आहे. तोही फुकट पडलेला नसतो. पूर्वी डब्यात ठासून भरलेल्या भुशाच्या शेगडीवर घरोघरी स्वयंपाक होई. आज त्याच्या दाबून केलेल्या कांड्या बॉयलरमध्ये जळतात.

कुंडी बनवणं तसं अवघड नाही. भुशाचे तंतू आखूड असल्यानं त्यात रद्दी कागदाचा किंवा काथ्याचा लांब तंतू मिसळायचा, स्टार्चची खळ घालायची, साच्यात दाबून वाळवायचं. अवघड आहे ते तिचं आयुष्य ठरवणं. टोमॅटोचं रोप महिन्याभरात शेतात जातं, वनीकरणाचं कधीकधी वर्ष-दीड वर्ष रोपवाटिकेतच राहतं. तेवढे दिवस रोजचं पाणी सोसून कुंडीनं उभं राहायचं आणि मातीत गेल्यावर मुळांना वाट द्यायची. टिकाऊ ते चांगलं, हे माप आपल्या अंगात इतकं मुरलंय की वेळेवर कुजणं हा गुण मोजायची आपल्याला सवयच नाही. ज्या सागाला वाळवी आणि बुरशी सहजी लागत नाही म्हणून आपण चौकटीसाठी पैसे मोजतो, त्याचाच भुसा इथं अडचणीचा. खोक्यांसाठी कापलेल्या आंब्याचा भुसा त्याहून बरा, कारण ते लाकूड लवकर कुजतं. प्लायवुडच्या कारखान्यातला डिंकाळलेला भुसा तर घेऊच नये.

आणखी एक गोष्ट रोपाच्या जिवावर बेतते. भुशात कार्बन नत्राच्या शेकडो पट असतो. भुसा कुजवणारे सूक्ष्मजीव आपली नत्राची गरज भोवतालच्या मातीतून भागवतात आणि रोपाची खालची पानं पिवळी पडतात. भुसा आधी शेणासोबत काही महिने कुजवला, तर हा धोका बराच कमी होतो. पण ही वाट पाहणं कारखान्याच्या हिशेबात बसत नाही. ते गावातल्या रोपवाटिकेला, बचतगटाला जमण्यासारखं आहे. हे काम त्यांच्याकडेच असावं, असं मला मनापासून वाटतं.

त्यातही कोकण आणि माणदेश यांना एकच कुंडी चालणार नाही. कुजायला ओल लागते. सावंतवाडीच्या पावसात जी चटकन विरेल, ती दहिवडीच्या माळावर पाऊस लांबला तर मुळांभोवती खोक्यासारखी कडक राहील. तिथं रोप लावण्याआधी कुंडी पाण्यात चिंब भिजवायला हवी, बूड फोडायला हवं आणि काठ पूर्ण मातीखाली गाडायला हवा. वर उघडा राहिलेला काठ वातीसारखा ओल शोषून घेतो आणि ती उन्हात उडून जाते.